वाचक विचारतात : विद्यापीठाला मुलांच्या पुस्तकांशी काय देणंघेणं?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत, मिसिसिपी राज्यातल्या हॅटिसबर्गला शिकतो. त्याच्या विद्यापीठात दरवर्षी बालसाहित्याचा महोत्सव भरतो म्हणे. हे खूळ कुणी काढलं?
— एक शालेय ग्रंथपाल, सांगली

उत्तर : ताई, तुमच्याच पेशातल्या एका बाईंनी! लीना द ग्रमंड त्यांचं नाव. लुइझियानात शाळांच्या ग्रंथालयांचं काम बघून त्या 1965 साली सदर्न मिसिसिपी विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकवायला आल्या. नुसत्या पाठ्यपुस्तकावरून बालसाहित्य शिकवणं त्यांना पटेना. म्हणून त्यांनी लेखक-चित्रकारांना पत्रं धाडायचा सपाटा लावला : तुमची हस्तलिखितं, कच्ची रेखाटनं आम्हाला द्या. लोकांनी खरंच दिली! 1966 साली संग्रह उभा राहिला आणि 1968 साली त्याच्या जोडीने महोत्सव. आधी कागद, मग मांडव, हा क्रम मला फार आवडतो. आपल्याकडे मांडव दणक्यात पडतो आणि लेखकामागे त्याच्या वह्या रद्दीत जातात.

1969 पासून तिथे दरवर्षी एक पदक देतात, त्यावर मानकऱ्याचाच चेहरा कोरलेला. पहिलं बाललेखिका लोइस लेन्स्की यांना. पुढच्याच वर्षी ‘विनी द पू’चे चित्रकार शेपर्ड यांना.

मला विशेष वाटतं ते 1980 च्या पदकाचं. तेव्हा फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या याच विद्यापीठात प्रवेश मागणाऱ्या क्लाइड केनर्ड या कृष्णवर्णीय तरुणाला खोट्या गुन्ह्यात तुरुंगात टाकलं होतं. 1963 साली तो वारला. पहिल्या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थिनींना प्रवेश मिळाला 1965 साली, म्हणजे द ग्रमंडबाई आल्या त्याच वर्षी. आणि 1980 चे मानकरी होते एझ्रा जॅक कीट्स, बर्फात हुंदडणाऱ्या कृष्णवर्णीय पीटरला 1962 साली चित्रपुस्तकाचा नायक करणारे! त्यांचे कागदही आज याच संग्रहात आहेत.

एक गंमत म्हणजे, महोत्सव मुलांच्या पुस्तकांचा असला तरी श्रोत्यांत भरणा शिक्षक आणि ग्रंथपालांचा. म्हणजे तुम्ही गेलात तर अगदी घरच्यासारखं वाटेल.

भाच्याला मात्र महोत्सवाची वाट बघायला लावू नका. क्युरियस जॉर्ज या खोडकर माकडाचे जनक, रे दांपत्य, यांचेही कागद तिथेच आहेत. संग्रह बघायला आधी विचारून वेळ घ्यावी, आणि जाताना पेन नको, पेन्सिल न्यावी.