जेवण विसरतात, मोर्चा आठवतो

प्रश्न : माझे सासरे ८४ वर्षांचे आहेत. निपाणीत तंबाखूच्या वखारीत त्यांनी दिवाणजी म्हणून नोकरी केली. जेवून अर्धा तास होत नाही तोच ‘मला कोणी वाढलंच नाही’ म्हणतात. जानेवारी १९५६ मधला सीमालढ्याचा मोर्चा मात्र बारकाव्यांनिशी सांगतात. नणंदेला हे सोंग वाटते. हल्ली दवाखान्यात कन्नडमध्ये विचारले तरी ते मराठीतच उत्तर देतात.
– एक सून, निपाणी

उत्तर : तपासणीशिवाय निदान करता येणार नाही, पण हे सोंग मानण्याचे कारण नाही. अल्झायमरमध्ये मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर क्षीण होतो आणि नव्या अनुभवाची नोंद करण्याचे काम मुख्यतः त्याचेच असल्यामुळे दुपारचे जेवण मनात टिपलेच जात नाही. जे टिपलेच गेले नाही, ते आठवणार कोठून? याउलट, तरुणपणीच्या घटना वर्षानुवर्षे सांगून-ऐकून पक्क्या झालेल्या असतात. ताज्या आठवणी आधी आणि जुन्या मागाहून जातात, हा क्रम फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांनी १८८१ मध्येच मांडला होता. त्यातच, साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी निरोगी वृद्धांनाही अधिक येतात. मोर्च्याच्या वेळी तुमचे सासरे पंधरा वर्षांच्या आसपास होते.

मात्र ठसठशीत आठवण बिनचूक असतेच असे नाही. प्रत्येक वेळी सांगताना ती नव्याने जुळवली जाते आणि तीत इतरांकडून ऐकलेलेही बेमालूम मिसळते. म्हणून मोर्च्याची हकीकत आवडीने ऐकावी. शेताचा बांध कोठे होता, हे मात्र त्यांच्या सांगण्यावर न ठरवता मोजणीचा नकाशा पाहावा.

भाषेचा मुद्दा नणंदबाईंनीही मनावर घ्यावा. नंतर शिकलेली भाषा काही रुग्णांत आधी मागे पडते, तो हट्ट नसतो. स्मरणशक्तीची चाचणी मराठीतच घेण्याची विनंती डॉक्टरांना करावी, नाहीतर भाषेची अडचण विस्मरणाच्या खाती जमा होईल. बी-१२ची कमतरता, थायरॉईडचा विकार व नैराश्य यांमुळेही विसर पडतो आणि त्यांवर उपचार आहेत. त्यामुळे ही तपासणी लांबणीवर टाकू नये. जेवणावरून वाद घालू नये. उष्टे ताट थोडा वेळ समोरच राहू द्यावे आणि तरीही मागितले, तर पथ्यात बसणारे थोडेसे खायला द्यावे.