दोनशे फ्लॅटच्या सोसायटीला बायोगॅस परवडतो का? आणि शेतीचा एवढा कचरा असताना देशात बायोगॅस मागे का?

गॅसच्या पैशावर परवडत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मीटिंगमध्ये कुणी ‘गॅस विकून मेंटेनन्स कमी करू’ म्हणालं तर त्याला तिथल्या तिथे थांबवता येईल.

तुम्ही लिहिलंय की सोसायटी मुलुंडला आहे, ओला कचरा आवारातच जिरवा म्हणून महापालिकेची नोटीस आली आहे आणि एक कंपनी ‘फुकट गॅस’ सांगत प्लांट गळ्यात मारायला बघते आहे. वर तुमचा मोठा प्रश्नही आहे, की शेण, पाचट, पेंढा, भाजीपाला यांनी भरलेल्या देशात बायोगॅस अजून किरकोळ का? मी मुंबईत कॅन्टीन, हॉस्टेल आणि सोसायट्यांमधल्या प्लांटची देखभाल करतो. माझ्या मते दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. प्लांट टिकतो की बंद पडतो हे गॅसवर ठरत नाही. आत रोज काय येतं आणि बाहेर पडणारी रबडी (गॅस निघून गेल्यावर उरलेला पातळ काला) कुठे जाते, यावर ठरतं.

आधी तुमचा हिशेब. घरटी साधारण अर्धा किलो ओला कचरा धरला तर दोनशे फ्लॅटचा रोज शंभर किलो होतो. महापालिकेने २ ऑक्टोबर २०१७ पासून मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारात जिरवायला सांगितलं, त्यातली मर्यादाही हीच आहे: दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा किंवा २०,००० चौरस मीटरपेक्षा जास्त जागा. शंभर किलो चांगल्या ओल्या कचऱ्यातून आठ ते दहा घनमीटर गॅस निघतो. एक घनमीटर बायोगॅस म्हणजे जेमतेम ४३०-४५० ग्रॅम एलपीजी. म्हणजे दिवसाला चार किलो, महिन्याला १४.२ किलोचे आठ सिलिंडर. सिलिंडर ९०० रुपये धरला तर सव्वासात हजार. त्यात प्लांट सांभाळणाऱ्या एका माणसाचा पगारसुद्धा निघत नाही. क्रशरची वीज आणि दुरुस्ती तर दूरच राहिली.

शिवाय हा गॅस जाळणार कुठे? तुमच्या घरात पाइपचा गॅस आहे. त्या लाइनीत बायोगॅस सोडता येत नाही, कारण त्यात मिथेन ५५ ते ६५ टक्केच असतो. बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड. सिलिंडरमध्ये भरू म्हणाल तर तेही नाही. एलपीजी थोड्या दाबाखाली पातळ होतो, म्हणून लाल टाकीत मावतो. मिथेन आपल्या हवेत कितीही दाबला तरी पातळ होत नाही. तो आधी शुद्ध करावा लागतो आणि मग सीएनजीसारखा दोनशे-अडीचशे बार दाबाने भरावा लागतो. त्याची मशिनरी शंभर किलोच्या प्लांटला लावणं हास्यास्पद आहे. जनरेटर लावलात तर दिवसाला पंधराएक युनिट. जिन्यातले दिवे लागतील, बस.

म्हणून माझ्या ओळखीचे चालू असलेले प्लांट बघाल तर बहुतेक ठिकाणी कचरा आणि शेगडी एकाच भिंतीआड असते. हॉस्टेलची मेस, कारखान्याचं कॅन्टीन, मोठं हॉटेल. तिथे भाताचं पातेलं धुतलं की शितं टाकीत जातात आणि त्याच गॅसवर दुसऱ्या दिवशी डाळ शिजते. गॅस कुणाला विकावा लागत नाही, आणि कचऱ्यात काय आहे हे आचाऱ्याला माहीत असतं.

सोसायटीत ते कुणालाच माहीत नसतं. दह्याच्या डब्याचं झाकण, चमचा, नारळाची शेंडी, तिसऱ्यांच्या शिंपल्या, कोंबडीची हाडं, लहान मुलाचा मोजा, सगळं मी क्रशरच्या तोंडातून काढलेलं आहे. शिंपल्या आणि हाडं कुजत नाहीत, तळाशी बसतात आणि टाकीची जागा खातात. शेंडी ढवळणाऱ्या पात्याला गुंडाळते. संत्र्या-लिंबाच्या साली ढिगाने गेल्या तर त्यातलं तेल जिवाणूंना मानवत नाही. बोंबलाची डोकी मात्र खुशाल टाका, एकदम बादलीभर नको इतकंच.

प्लांट म्हणजे दावणीला बांधलेली म्हैस समजा: तिला रविवार नसतो, तिचं खाणं अचानक बदलून चालत नाही आणि आजारी पडली तर दूध आटायच्या आधी लक्षणं दिसतात. आत दोन जातींचे जिवाणू काम करतात. पहिले अन्नाचं आम्ल करतात आणि ते भलतेच चपळ. दुसरे त्या आम्लाचा मिथेन करतात आणि ते संथ. एकदम खूप गोड किंवा तेलकट गेलं की पहिले धावत सुटतात, दुसऱ्यांना झेपत नाही, आम्ल साठतं आणि टाकी आंबते. पीएच (आम्लपणाचं माप, आम्ल वाढलं की आकडा उतरतो) ६.५ च्या खाली घसरला की मिथेनवाले जवळजवळ संपावरच जातात.

एका उपनगरातल्या सोसायटीत गणपतीनंतर हे झालं. मंडपातला उरलेला शिरा, मोदक, पंचामृत सगळं हाउसकीपिंगच्या मुलांनी एकाच दिवशी आत लोटलं. चार दिवसांनी फोन आला की गॅस भरपूर आहे, गॅस साठवायचा फुगा टम्म आहे, पण शेगडी पेटत नाही. जाऊन बघितलं तर लायटर लावल्यावर ज्योत निळी उठायची, बर्नरवरून उचलली जायची आणि विझायची. फुग्यात होता तो बराचसा कार्बन डायऑक्साइड. पीएचच्या पट्टीवर हिरवा यायला हवा होता, तिथे पिवळट उतरला. सेक्रेटरींना प्लांटवाल्या कंपनीने महागड्या ‘कल्चर’ची पावडर घ्यायला सांगितलं होतं. ती घेतली नाही. कचरा पूर्ण बंद केला, जोगेश्वरीच्या तबेल्यातून ताजं शेण आणून पाण्यात कालवून टाकलं, थोडी चुन्याची निवळी दिली आणि वाट बघितली. शेणात हवे ते जिवाणू फुकट असतात. हळूहळू टाकी ताळ्यावर आली, मग कचराही मुठी-मुठीने वाढवला.

मुंबईच्या बाजूने एक गोष्ट आहे: हवा. या जिवाणूंना ३०-३७ अंश लागतात आणि ते आपल्याकडे जवळपास वर्षभर फुकट मिळतात. जर्मनीत नऊ हजारांहून जास्त प्लांट आहेत आणि तिथे टाक्या गरम ठेवण्यात उष्णता घालवावी लागते.

आता देशाकडे. गंमत अशी की हा विषय मुंबईला अजिबात नवा नाही. १८९७ मध्ये माटुंग्याच्या कुष्ठधामात मैल्याच्या टाकीतून गॅस गोळा करत होते. स्वातंत्र्यानंतर जशभाई पटेलांचं ‘ग्रामलक्ष्मी’ मॉडेल आलं आणि खादी ग्रामोद्योग आयोगाने ते साठीच्या दशकात उचललं. त्या आयोगाचं मुख्यालय आजही विलेपार्ल्याला इर्ल्यात आहे. टाकीवर लोखंडी टोपी तरंगते ते मॉडेल हेच. टोपी गंजायची आणि महाग पडायची, म्हणून पुढे विटांच्या पक्क्या घुमटाचं ‘दीनबंधू’ आलं, १९८४ मध्ये. १९८१ पासून केंद्राची अनुदान योजना होती. घरगुती गोबरगॅस लाखोंनी बांधले गेले. सिंधुदुर्गात कुडाळ-सावंतवाडीकडे मागीलदारी घुमट, त्याला लागून रबडीचा खड्डा आणि पलीकडे माडाची आळी, हे चित्र आजही दिसतं. शहरी कचऱ्यासाठी ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ बसवलं. त्यात आधी हवा आणि गरम पाणी देऊन कचरा विरघळवून घेतात, म्हणून मुख्य टाकीवरचा भार कमी होतो. पुण्यात आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने शेणाऐवजी पिठूळ आणि गोड खरकट्यावर चालणारी छोटी टाकी केली, तिला २००६ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. डोकं कमी पडलं असं कुठे दिसत नाही.

गावातले गोबरगॅस का बंद पडले ते बघा. दिवसाला दोन घनमीटर गॅस देणाऱ्या टाकीला रोज ५० किलो शेण लागतं, म्हणजे गोठ्यात चार-पाच जनावरं हवीत. ट्रॅक्टर आला, बैल गेले, पोरं मुंबईला आली, शेण कालवणारे हात उरले नाहीत, आणि दारात सिलिंडर आला. जिथे टिकले तिथे बायकांना धूर नको होता हे तर आहेच, पण रबडीने माड-सुपारी सुधारते हे डोळ्यांनी दिसत होतं. गावात रबडी ही कमाई असते. मुंबईत तीच रबडी खर्च होते, कारण तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि पाणी टँकरने नाशिक-जुन्नरला नेणं कुणालाच परवडत नाही. भाजी मात्र तिथूनच वाशी मार्केटला रोज येते.

शेतातल्या पेंढ्या-पाचटाची अडचण वेगळी आहे. पेंढ्यात लिग्निन हा लाकडासारखा चिवट घटक असतो, त्याला जिवाणू सहज दाद देत नाहीत, आधी बारीक करून प्रक्रिया करावी लागते. तो हलका असतो, ट्रक भरतो पण वजन होत नाही. आणि मिळतो वर्षातून दोन-तीन आठवडे. प्लांटला मात्र तीनशे पासष्ट दिवस लागतो. म्हणजे गंजी रचायला एकरच्या एकर जागा आणि आगीची धास्ती. पंजाबात लेहरागागाला ऑक्टोबर २०२२ मध्ये पेंढ्यावरचा मोठा प्लांट सुरू झाला, क्षमता दिवसाला ३३ टन शुद्ध गॅस. होऊ शकतं, पण खरा धंदा गॅसचा नसून पेंढा गोळा करण्याचा आहे. आपल्याकडे साखर कारखान्यांचा प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) त्या मानाने सोपा, कारण तो एकाच ठिकाणी पडतो. त्यातही मेख आहेच: हंगाम पाच-सहा महिन्यांचा, आणि ढीग लावून ठेवला की तो आतून तापतो आणि गॅस हवेत जातो.

१ ऑक्टोबर २०१८ ला कचऱ्यापासून शुद्ध केलेला बायोगॅस करण्यासाठी केंद्राची ‘सतत’ योजना आली. २०२३-२४ पर्यंत पाच हजार प्लांट आणि वर्षाला दीड कोटी टन गॅस असं लक्ष्य होतं. मुदत संपली तेव्हा चालू प्लांटचा आकडा लक्ष्याच्या जवळपासही नव्हता. लक्ष्य गॅसचं ठेवलं, कचऱ्याची साखळी ज्याची त्याने बघावी असं झालं. आता गॅस कंपन्यांवर आपल्या गॅसमध्ये बायोगॅस मिसळण्याची सक्ती आहे, २०२५-२६ मध्ये एक टक्का, चढत २०२८-२९ पासून पाच टक्के. आणि प्लांटमधल्या खतासाठी २०२३ मध्ये टनामागे १,५०० रुपयांची मदत जाहीर झाली. मला या दोन्हींत खताची मदत जास्त कामाची वाटते. गॅसला गिऱ्हाईक नव्हतं असं कधीच नव्हतं.

इंदूरचा रोज ५५० टन ओला कचरा घेऊ शकणारा प्लांट, फेब्रुवारी २०२२ चा, दिवसाला सतरा हजार किलो गॅस देऊ शकतो. तिथल्या टाक्यांपेक्षा तिथल्या कचऱ्याच्या गाड्या बघण्यासारख्या आहेत: ओला कचरा दारातच वेगळा होतो. मुंबईत आपण रोज साडेसहा हजार टनांच्या आसपास कचरा गोळा करतो, त्यातला बराच मिसळलेला. देवनारला तो १९२७ पासून साठवत आलो आणि जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला तेव्हा अख्ख्या उपनगराने खोकून काढला. हाजीअलीला केशवराव खाड्ये मार्गावर महापालिकेचा छोटा प्लांट आहे, हॉटेलांच्या अन्नकचऱ्यातून वीज करतो. अशा वॉर्डावॉर्डातल्या प्लांटना हॉटेलांचा माल मिळाला तर चालतील. घरगुती मिसळलेल्या कचऱ्यावर नाही चालणार.

तेव्हा तुमच्यासाठी: आवाराला लागून शाळेचं किंवा हॉस्पिटलचं स्वयंपाकघर असेल आणि ते गॅस घ्यायला तयार असतील तर प्लांट लावा. जागा कमी लागते आणि शिजलेलं अन्न कंपोस्टपेक्षा यात बरं जिरतं. तसं गिऱ्हाईक नसेल तर कंपोस्टच करा. नोटिशीचं समाधान त्यानेही होतं.

प्लांटच ठरला तर करारात पैसे गॅस मीटरच्या आकड्यावर बांधा, ‘मासिक सर्व्हिस’वर नको. गंधक काढणारा फिल्टर कोण बदलणार ते लिहून घ्या, नाहीतर बर्नर वर्षभरात गंजेल. आणि टाकी साफ करायला माणूस आत उतरवायचा नाही, हे ठळक लिहा. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं हवा साफ आहे. अशी माणसं गेलेली आहेत. गाळ बाहेरून पंपाने काढायचा, दुसरी पद्धत मान्य करू नका.

रबडीचंही आधीच ठरवा. शंभर किलो कचरा आणि तितकंच पाणी आत गेलं की रोज दोनशे लिटरच्या आसपास बाहेर येणार. तुमच्या बागेला त्यातली थोडीच लागेल, तीही दसपट पाणी घालून. जवळपासचा नर्सरीवाला कॅन भरून नेईल का ते विचारा. उरलेली गटारात सोडायची कंपनीची योजना असेल तर वॉर्ड ऑफिसचं लेखी पत्र मागा. कोटेशन आलं की कंपनीचं नाव खोडून आकडे इथे टाका, बघून सांगतो.