रोज धुळीत राहिल्याने धुळीची अॅलर्जी हळूहळू कमी होते का?

नाही, एकदा अॅलर्जी झालेली असेल तर रोज त्याच धुळीत राहून ती सहसा मुरतच जाते. घरातल्या धुळीत मुख्य त्रास डस्ट माइट नावाच्या बारीक किड्यांच्या विष्ठेचा, त्यातलं डर पी १ हे प्रोटीन चक्क एन्झाइम (इतर प्रोटीन तोडणारं) आहे, ते श्वासनळीच्या अस्तरातल्या पेशींचे जोड सैल करतं आणि आत शिरतं. तिथे अॅलर्जीची प्रतिक्रिया सुरू करणाऱ्या मास्ट पेशींवर आयजीई अँटिबॉडी (अॅलर्जीचा पदार्थ ओळखणारी प्रोटीन) बसलेल्याच असतात, त्यामुळे हिस्टामिन हे शिंका-खाज आणणारं रसायन सुटतं, काही तासांनी इओसिनोफिल या सूज वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशी जमा होतात, आणि हे रोज चालू राहिलं की अॅलर्जी लक्षात ठेवणाऱ्या काही मेमरी टी पेशी फुफ्फुसातच मुक्काम ठोकतात, म्हणजे मधे काही दिवस बाहेर राहून परत आलात तरी त्या पटकन जाग्या होतात. वर्षानुवर्षं असं झालं तर म्युकस बनवणाऱ्या पेशी वाढतात, श्वासनळीभोवतीचा स्नायू जाड होतो, अस्तराखाली कोलेजन हे तंतूंसारखं प्रोटीन साचतं आणि मग थंड हवा, धूर, परफ्यूम अशा गोष्टींनीही खोकला-धाप सुरू होते. लोक हे फार हलक्यात घेतात म्हणून मुद्दाम सांगतेय.

एक मात्र खरं, अॅलर्जी आणणाऱ्याच पदार्थाच्या ठरलेल्या डोसने शरीराला सवय लावता येते, त्यालाच इम्युनोथेरपी म्हणतात. परागकणांच्या अॅलर्जीवर ती १९११ मध्येच वापरली गेली होती, साधारण ३ ते ५ वर्षं घ्यावी लागते, त्यात आयजीईच्या आड येणाऱ्या आयजीजी४ अँटिबॉडी आणि प्रतिक्रिया शांत ठेवणाऱ्या रेग्युलेटरी टी पेशी वाढतात. पण हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, आणि दमा कंट्रोलमध्ये नसेल तर आधी तो आटोक्यात आणतात.