वाचकांचे प्रश्न : चढता चढता मध्येच उतरायचे झाले तर

प्रश्न : कड्याच्या माथ्यावर बोल्टना पक्क्या बांधलेल्या एकेरी दोरावर मी सोबत्याशिवाय चढाईचा सराव करतो. मायक्रो ट्रॅक्सिअनसारखी कॅमची (दोर एकाच दिशेने सरकू देणाऱ्या पकडीची) दोन उपकरणे दोरावर एकाखाली एक असतात. खालचे हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला) अगदी जवळ, तर वरचे थोड्या लांब स्लिंगने (पट्टीने) जोडलेले असून गळ्यातल्या इलॅस्टिकने ओढले जाते. एखादी जागा जमली नाही की तेथूनच रॅपल करून, म्हणजे दोरावरून सरकत, उतरावे लागते. पण दोरावर बसल्यावर कॅम उघडत नाही. हा बदल कसा करावा? (एक वाचक, पुणे)

उत्तर : अंगाचा भार असेपर्यंत कॅम दोर सोडत नाही आणि त्याने सोडूही नये; त्यामुळे कॅमशी झटापट करण्याऐवजी त्याच्यावरचा भार काढणे, हाच खरा उपाय आहे.

प्रथम दोन्ही कॅम जागेवर ठेवून त्यांच्या खाली ग्रिग्री (भार येताच दोर आवळून धरणारे, उतरण्याचे उपकरण) लावा, मधला ढिला दोर ओढून घ्या आणि ग्रिग्रीखाली दोराची बाइट (दुमड) घेऊन आठाची गाठ मारून ती लॉकिंग कॅरॅबिनरने (लॉक होणाऱ्या कडीने) हार्नेसला अडकवा. दोरावर वरच्या कॅमच्याही वर प्रुसिक (भार येताच दोर आवळणारा बारीक दोरीचा फास) बांधून त्याला पाय ठेवण्यापुरती लांब स्लिंग जोडा. आता गळ्यातले इलॅस्टिक वरच्या कॅमपासून सोडवा. बरेच जण हे विसरतात. मग उभे राहताच तो कॅमही अंगासोबत वर सरकतो आणि पुन्हा बसल्यावर भार त्याच्यावरच येतो. स्लिंगमध्ये उभे राहिलात की खालचा कॅम मोकळा होईल. तो काढा, ग्रिग्रीतून दोर ओढून ताणून घ्या आणि सावकाश बसा. भार ग्रिग्रीने घेतला आणि वरच्या कॅमची स्लिंग ढिली राहिली, तर बदल साधला. स्लिंग ताणलेली दिसली, तर पुन्हा उभे राहून आणखी दोर ओढा.

ग्रिग्रीत दोर योग्य दिशेने गेला आहे का, तिचे कॅरॅबिनर लॉक आहे का, हे हाताने चाचपून पाहिल्यावरच वरचा कॅम काढावा. नंतर प्रुसिक, आणि ब्रेकचा (ग्रिग्रीखालचा) दोर मुठीत घट्ट धरल्यावर सर्वांत शेवटी ती आठाची गाठ.

आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा फिगर ऑफ एट (उतरण्याचे आठाच्या आकाराचे धातूचे उपकरण) या कामाला मला गैरसोयीचा वाटतो. त्यात दोर ओवण्यासाठी तो सहसा कॅरॅबिनरमधून काढावा लागतो, त्यामुळे लटकलेल्या अवस्थेत हातून निसटू शकतो. शिवाय हात सुटला तर तो स्वतःहून थांबत नाही, म्हणून त्याच्याखाली प्रुसिक लावावाच लागतो.

खालच्या दोराकडेही लक्ष असू द्या. कॅममधून दोर सुरळीत सरकावा म्हणून टोकाला पाण्याची बाटली बांधतात, पण ती जड असेल तर ग्रिग्रीत दोर भरण्यापुरताही वर ओढला जात नाही. अर्धी बाटली बहुधा पुरते. सह्याद्रीत दोर कारवीत अडकला, तरी हीच अडचण येते. दोर जमिनीपर्यंत पोहोचतो हे चढण्यापूर्वीच पाहावे आणि तरीही टोकाला गाठ मारावी.

हा सारा क्रम प्रथम जमिनीपासून हातभर उंचीवर, जाणकार गिर्यारोहक शेजारी उभा असताना करून पाहावा, आणि नंतर एकदा हातमोजे घालूनही, कारण उघड्या हातांनी सहज उघडणारा कॅम मोज्यांतल्या बोटांना दाद देत नाही.