'कॅचिंग फायर' पुस्तकाला धरून आहे, पण नेमकं कशाला धरून?

प्रश्न थोडक्यात असा होता: 'हंगर गेम्स'चा दुसरा चित्रपट पुस्तकाशी सर्वात प्रामाणिक आहे असं जो तो म्हणतो, मग पळून आलेल्या बॉनी-ट्विल, खेळप्रमुख प्लुटार्कचं घड्याळ, नायिकेचा मित्र गेल याला फटके पडण्याचं मूळ कारण हे सगळं गेलं कुठे? आणि हे न वाचता तिसऱ्या भागाकडे वळलं तर काही अडेल का? उत्तरात शेवटासकट सगळं उघड केलंय, तेव्हा चित्रपट पाहिला नसेल तर इथेच थांबा.

घटनाक्रमापुरतं बोलायचं तर ती ख्याती खरी आहे. सुझान कॉलिन्सच्या 2009 च्या कादंबरीत नऊ-नऊ प्रकरणांचे तीन विभाग आहेत. विजययात्रा, क्वार्टर क्वेलची (दर पंचवीस वर्षांनी येणाऱ्या खास खेळाची) घोषणा आणि त्या जीवघेण्या खेळाचं रिंगण हे तिन्ही टप्पे 2013 च्या 146 मिनिटांच्या चित्रपटात त्याच क्रमाने येतात. बदललंय ते वेगळंच: कोणाला, काय, कधी कळतं. पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत नायिका कॅटनिसच्या डोक्यात राहतं. तिला कळत नाही ते आपल्यालाही कळत नाही, म्हणून तिचा मार्गदर्शक हेमिच आणि प्लुटार्क यांचा तिला रिंगणातून सोडवण्याचा कट शेवटी तिच्याइतकाच आपल्यालाही धक्का देतो. चित्रपट मात्र आपल्याला थेट राष्ट्राध्यक्ष स्नोच्या दालनात नेऊन बसवतो. स्नो आणि प्लुटार्क तिला कसं संपवायचं याची चर्चा करतात ती दृश्यं पुस्तकात नाहीत, असू शकतच नाहीत. कॅटनिससारखी वेणी घालणारी स्नोची नातही या पुस्तकात नाही.

घड्याळ का गेलं याचं उत्तर मला वाटतं इथेच आहे. पुस्तकात कॅपिटॉल या राजधानीतल्या मेजवानीत प्लुटार्क कॅटनिसबरोबर नाचतो आणि खिशातलं घड्याळ दाखवतो. काचेवर क्षणभर मॉकिंगजे, म्हणजे बंडाचं चिन्ह बनलेला पक्षी, उमटतो, आणि बैठक मध्यरात्री सुरू होते असं तो बोलून जातो. त्या एका वस्तूत दोन सूचना आहेत: रिंगण घड्याळासारखं आहे, आणि हा माणूस आपल्या बाजूचा आहे. तिला दोन्ही कळत नाहीत, म्हणून वाचकाच्याही हातून निसटतात. पडद्यावर तोच मॉकिंगजे जवळून दाखवला असता तर प्लुटार्कचं पितळ पहिल्या तासातच उघडं पडलं असतं. मग रिंगणाचं कोडं एकट्या स्पर्धक वायरेसच्या 'टिक टॉक'वर सोपवलं, आणि प्लुटार्कला स्नोसमोर दुहेरी बोलायला लावलं. एकीकडे फटके आणि मृत्युदंड, दुसरीकडे टीव्हीवर लग्नाची तयारी दाखवा, असा सल्ला तो देतो. पहिल्यांदा पाहताना तो निव्वळ क्रूर वाटतो. शेवट माहीत असताना पाहा: त्याचा प्रत्येक सल्ला बंडात तेल ओततोय. फिलिप सेमूर हॉफमनचा थंड आवाज दोन्ही अर्थांना पुरतो. हा सौदा फायद्याचाच झाला.

गेलच्या फटक्यांबाबत मात्र मी चित्रपटाला माफ करायला तयार नाही. पुस्तकात त्याचा गुन्हा म्हणजे एक रानटी टर्की. शांतिरक्षकांचा जुना प्रमुख क्रे ती विकत घ्यायचा, म्हणून गेल नेहमीसारखा त्याच्या दारात जातो, आणि दार उघडतो नवा प्रमुख थ्रेड. काल चालत होतं ते आज गुन्हा ठरतं. कायदा तोच, पण आता तो राबवला जातोय, आणि गुन्हा आहे पोटासाठी केलेली शिकार. चित्रपटात गेल एका बाईला वाचवायला थ्रेडच्या अंगावर धावून जातो. दृश्य जोरकस होतं, गेल नायक होतो, पण भुकेचं राजकारण निघून जातं. पुढे तिसऱ्या भागात त्याचा संताप टोकाला जातो तेव्हा त्याची मुळं चित्रपटात सापडत नाहीत.

बॉनी आणि ट्विल या डिस्ट्रिक्ट आठमधून पळालेल्या दोघींचं काम माहिती पोचवण्याचं. नष्ट झालं असं सांगितल्या जाणाऱ्या डिस्ट्रिक्ट तेराच्या बातम्यांत दरवेळी एकच जुनं चित्रण दाखवतात आणि कोपऱ्यात तोच मॉकिंगजेचा पंख फडफडतो, हे त्यांच्यामुळे कळतं. चित्रपटात तेरा नंबर अजून शिल्लक आहे हे एकदम शेवटी, विमानात कळतं. वेळ वाचला, पण तो आकाशातून पडल्यासारखा वाटतो. कॅटनिसचा सहस्पर्धक पीटा याचा कृत्रिम पाय तर पहिल्या चित्रपटातच वगळला होता, त्याबद्दल आता भांडण्यात अर्थ नाही.

हेमिचच्या खेळाची चित्रफीत गाळली हे जास्त बोचतं. पन्नासाव्या खेळात दुप्पट, म्हणजे 48 स्पर्धक होते, आणि संरक्षक पडद्यावर आपटून परत आलेल्या कुऱ्हाडीने तो जिंकला. पडद्यातली खोट चित्रपटात प्रशिक्षणाच्या वेळी वायरेस आणि तिचा जोडीदार बीटी दाखवतात, त्यामुळे पडदा फोडणाऱ्या कॅटनिसच्या शेवटच्या बाणाचा तांत्रिक दुवा शाबूत राहतो. पण हेमिचने कॅपिटॉलचंच हत्यार कॅपिटॉलवर उलटवलं होतं, हे नुसता चित्रपट पाहणाऱ्याला कळत नाही.

जे पुस्तकाला जमणं शक्य नव्हतं तेही सांगतो. रिंगणाचा भाग आयमॅक्स कॅमेऱ्यांवर चित्रित केलाय. कॅटनिस नळीतून रिंगणात वर येते त्याच शॉटमध्ये चौकट उंच होत जाते. ब्लू-रेवरही तिथे वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्या जातात. तुमच्या आवृत्तीत त्या शेवटपर्यंत तशाच राहिल्या, तर तुम्ही कापलेलं चित्र पाहताय. जमलं तर दुसरी आवृत्ती शोधा. पहिल्या चित्रपटातला हलता कॅमेराही इथे नाही. दिग्दर्शक गॅरी रॉस जाऊन फ्रान्सिस लॉरेन्स आला, आणि कोण कुठे उभं आहे हे लढाईतही समजू लागलं.

आता तिसऱ्या भागाचं. कथा समजायला काही अडणार नाही. पण दुसरं पुस्तक हाताशी असेल तर निदान दुसऱ्या विभागाची पहिली दोन प्रकरणं वाचा, त्यात बॉनी-ट्विल आणि तो पंख दोन्ही येतं. पुढे रेल्वेत कॅटनिस आणि पीटा हेमिचची चित्रफीत पाहतात ती पानंही वाचा. हेमिचच्या त्या खेळावर कॉलिन्सची स्वतंत्र कादंबरी 2025 मध्ये आली आहे, पण ती 'मॉकिंगजे' हा तिसरा भाग संपवल्यावरच हातात घ्या. जिंकल्याची काय किंमत त्याने मोजली ते 'मॉकिंगजे'त आधी कळायला हवं.