विचारा बिनधास्त: सिंगापूरला बारा तास आहेत, बाहेर पडू का?

प्रश्न: नमस्कार ताई, मी सांगलीहून लिहितेय, वय 64. आम्ही दोघं मुलीकडे मेलबर्नला चाललोय. मुंबईहून निघून सिंगापूरला सकाळी साडेसातला उतरतो, पुढचं विमान संध्याकाळी साडेसातला. मुलगी म्हणते एवढा वेळ आहे तर बाहेर पडा, आणि हे म्हणतात उगाच कशाला, सिंगापूरचा व्हिसा नाही, बॅगा आहेत, विमान चुकलं म्हणजे? हे हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचे. माझे गुडघे दुखतात म्हणून व्हीलचेअर सांगितलीये. आम्ही शाकाहारी आहोत. काय करावं?

उत्तर: काकू, जा. अगदी नक्की जा. बारा तास खुर्चीत बसून काढले तर गुडघे उलट जास्त आखडतील.

आधी व्हिसाचं बोलू, कारण काकांचा खरा अडसर तोच दिसतोय. भारतीय पासपोर्टला सिंगापूरसाठी व्हिसा लागतो हे खरं, पण ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जर्मनी, जपान, न्यूझीलंड, स्वित्झर्लंड, ब्रिटन किंवा अमेरिका यांपैकी एखाद्या देशाचा चालू व्हिसा असेल आणि पुढचं तिकीट कन्फर्म असेल तर मधल्या प्रवासात 96 तासांपर्यंत बिनव्हिसा बाहेर पडता येतं. तुमच्याकडे ऑस्ट्रेलियाचा आहेच. फक्त दोन गोष्टी आजच काढून बघा. एक, तो व्हिसा सिंगापूरला उतरल्या दिवसापासून पुढे निदान महिनाभर चालू असायला हवा. दुसरी जास्त महत्त्वाची, तो मल्टिपल एन्ट्री आहे का, म्हणजे त्यावर एकापेक्षा जास्त वेळा देशात जाता येतं का. सिंगल एन्ट्री असेल तर ही सवलत जाताना मिळत नाही, परत येताना मिळते. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला नसतो, ईमेलवर पत्र येतं, त्याची प्रिंट हातातल्या पर्समध्ये ठेवा, मोबाईलच्या भरवशावर राहू नका. शेवटचा निर्णय तिथल्या ऑफिसरचा असतो आणि नियम बदलतातही, म्हणून निघायच्या आठवड्यात सिंगापूर इमिग्रेशनच्या वेबसाईटवर मुलीला एकदा परत बघायला सांगा.

बाहेर पडणाऱ्यांना एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरला येत असल्याचा फॉर्म, भरावा लागतो, ऑनलाईन, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत. तो फुकट आहे. सर्च केलं की वरवर सरकारी वाटणाऱ्या पैसे मागणाऱ्या साईट्स येतात, तिथे बँकेच्या कार्डाचा नंबर टाकू नका.

बॅगांचं म्हणाल तर मुंबई ते मेलबर्न एकाच तिकिटावर असाल तर मोठ्या बॅगा बहुतेक थेट पुढे जातात, तरी मुंबईच्या काउंटरवर टॅगवर मेलबर्न लिहिलंय ना ते तोंडाने विचारून घ्या. तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर मात्र बॅगा सिंगापूरला उतरवून घेऊन परत द्याव्या लागू शकतात. हातातली बॅग चांगी एअरपोर्टवर पैसे देऊन ठेवता येते. औषधं, पासपोर्ट, बोर्डिंग पास आणि एक पातळ छत्री एवढंच जवळ ठेवा, तिथे पाऊस वर्षभर कधीही येतो.

व्हीलचेअरचं एक नीट ऐका. विमानातून उतरलात की जो मदतनीस येतो तो तुम्हाला ट्रान्झिटमधल्या वेटिंगच्या जागेत नेऊन बसवतो, कारण त्याच्या कागदावर तेवढंच लिहिलेलं असतं. त्याला पहिल्याच मिनिटाला सांगा की आम्हाला बाहेर जायचंय, इमिग्रेशनपर्यंत सोडा. आणि परत किती वाजता, कुठे यायचं तेही तेव्हाच विचारून ठेवा.

आता वेळेचा हिशोब उलट्या बाजूने करा. साडेसातचं विमान म्हणजे पाचला इमिग्रेशन करून आत, म्हणजे साडेतीनपर्यंत एअरपोर्टवर परत. उतरून, तोंड धुऊन, बाहेर पडेपर्यंत नऊ वाजतील. मधे राहिले साडेसहा तास, त्यात जाण्यायेण्याचा वेळ काढला की पाच. लोक यात मर्लायनचा पुतळा, सेंटोसा बेट, मॉल असं सगळं कोंबतात आणि मग फोटो बघूनच कळतं कुठे गेलो होतो ते. तुम्ही दोनच ठिकाणं करा.

पहिलं ठिकाण काकांसाठी. टॅक्सीने सरळ एस्प्लनेड पार्क गाठा, अर्ध्या तासाच्या आत पोचाल, तीसेक सिंगापूर डॉलर होतील. ट्रेनने यायचं तर सिटी हॉल स्टेशन, तनाह मेराला गाडी बदलायची, पण जाताना टॅक्सीच बरी. या पार्कात आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची खूण आहे. मूळ स्मारकाची कोनशिला नेताजींनी जुलै 1945 मध्ये बसवली, त्यावर इत्तेफाक, एतमाद, कुर्बानी (एकजूट, विश्वास, बलिदान) हे तीन शब्द होते, आणि सप्टेंबरमध्ये ब्रिटिश परत आले तसं त्यांनी ते पाडून टाकलं. जेमतेम दोन महिने उभं होतं ते. आज दिसते ती खूण 1995 मध्ये त्याच जागी बसवलेली आहे. तिथून शेजारीच पडांगचं मोकळं मैदान आहे, 5 जुलै 1943 ला नेताजींनी सैनिकांची पाहणी करून चलो दिल्लीची हाक दिली ती इथेच. मैदानापलीकडची खांबांची मोठी इमारत म्हणजे जुना सिटी हॉल, त्यात 12 सप्टेंबर 1945 ला जपानच्या शरणागतीवर सह्या झाल्या, आता तिथे नॅशनल गॅलरी आहे. ज्या माणसाने वर्षानुवर्षं वर्गात फळ्यासमोर उभं राहून हे शिकवलं त्याने त्या गवताच्या कडेला दहा मिनिटं उभं राहावं असं मला फार मनापासून वाटतं. पर्यटकांच्या यादीत ही जागा सहसा नसते, त्यामुळे गर्दीही नसते. पण सावली कमी आहे, म्हणून सकाळीच. ऊन लागलं तर गॅलरीत शिरा, आत एसी आहे.

अकरा वाजता तिथून टॅक्सीने लिटल इंडिया. सेरंगून रोडवर श्री वीरमाकालिअम्मन देऊळ आहे, ते दुपारी बंद असतं म्हणून बाराच्या आत पोचा. बाजूच्या गल्ल्यांत मोगऱ्याचे गजरे, केळीची पानं, स्टीलची भांडी, सगळं आपल्यासारखं आणि तरी फुटपाथ धुतल्यासारखा स्वच्छ. जेवायला त्याच भागात कोमला विलास, 1947 पासूनचं शाकाहारी हॉटेल, केळीच्या पानावर जेवण मिळतं. जेवून घाई न करता बसा.

दोनच्या सुमारास परत निघा. आता जमत असेल तर ट्रेन घ्या, वरून जाणाऱ्या भागात बाहेरचं शहर दिसतं, घरांच्या खिडक्यांतून काठ्यांवर वाळत घातलेले कपडे दिसतात. तिकीट काढायची कटकट नाही, आपलं टॅप करायचं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड गेटवर टेकवलं की झालं, मात्र दोघांना दोन वेगळी कार्डं लागतात आणि बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला वापर आधी चालू करून ठेवावा लागतो.

एअरपोर्टला आलात की आत जायच्या आधी ज्युएल बघा, म्हणजे एअरपोर्टला जोडलेली काचेची मोठी इमारत. 40 मीटर उंचीचा धबधबा काचेच्या छतातून खाली पडतो, भोवती झाडं आणि बसायला जागा. हे इमिग्रेशनच्या बाहेर आहे, म्हणून आत गेल्यावर मग जाऊ असं करू नका. पाय पसरून बसायला यासारखी जागा नाही.

थोडं धोक्याचं. च्युइंगगम नको. तंबाखू, गुटखा, खैनी, जर्दा काही म्हणजे काही खिशात राहू देऊ नका, तिथे बंदी आहे, आपल्याकडच्या माणसांच्या शर्टाच्या खिशात पुडी राहून जाते म्हणून मुद्दाम लिहितेय. लेकीसाठी लोणचं नेणार असालच, तर ती बरणी चेक-इन बॅगेत, हातात असेल तर सिक्युरिटीला काढून घेतील, आणि ऑस्ट्रेलियात उतरताना सगळं खाणं फॉर्मवर लिहून दाखवायचं.

प्रश्न: रात्री बाराला सिंगापूरला उतरतो, पहाटे पाचला बालीची फ्लाईट. ज्युएलचा धबधबा तरी बघता येईल का? (नाशिक)

उत्तर: बाहेर पडू नकोस. ट्रेन त्या वेळात बंद असते, शहर झोपलेलं असतं, आणि तुझ्याकडे वरच्या यादीतल्या एखाद्या देशाचा व्हिसा असल्याचं तू लिहिलं नाहीस, तो नसेल तर प्रश्नच मिटला. आतच टर्मिनल 3 मध्ये फुकट सिनेमा थिएटर आहे, आडवं व्हायला खुर्च्या आहेत, मोबाईलला अलार्म लाव आणि झोप. धबधबा टर्मिनल 2 आणि 3 ना जोडणाऱ्या छोट्या गाडीतून, स्कायट्रेनमधून, जाताना दिसतो, पण तो तुझ्या वेळात नाही, दिवसा. म्हणून परतीचं तिकीट अजून काढलं नसशील तर दिवसा थांबा मिळेल असं बघ.