सही कोणाची?

प्रश्न : अभियांत्रिकीच्या मुलांना व्यावसायिक नीतिमत्ता शिकवते. मुलं नियम पाठ करतात, पेपरात उतरवतात, विसरतात. काय करू?

उत्तर : ताई, नियमावली बाजूला ठेवा आणि फळ्यावर एक जोड काढा. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात एकाखाली एक असे दोन टांगते पूल होते. मूळ आराखड्यात दोन्ही छतातून आलेल्या एकाच अखंड सळईला. बांधताना सोयीसाठी सळईचे दोन तुकडे झाले आणि खालचा पूल वरच्याला लटकवला गेला. वरच्या पुलाच्या नटांवर दुप्पट भार आला. १७ जुलै १९८१ ला दोन्ही पूल कोसळले, ११४ माणसं गेली.

भार मुलांनाच काढू द्या. गणित अगदी सोपं आहे, म्हणूनच अंगावर येतं. मग विचारा, बदललेल्या नकाशावर मंजुरी कोणाची? माझ्या वर्गात इथे हमखास वाद पेटतो. तो मिटवायची घाई करू नका. जबाबदार अभियंत्यांचे परवाने रद्द झाले, हे त्यानंतरच सांगा.